तोंडपाठ उत्तर

ठाण्यात टेंभी नाक्याच्या परिसरात बेने इस्राएल या यहुदी समाजाचं 'शार हाशामाईम' हे सिनेगॉग १८७९ सालापासून उभं आहे. समाजातली बरीच कुटुंबं पुढे इस्राएलला गेली. जी राहिली, त्यांच्या घरात शिरताना दाराच्या उजव्या चौकटीवर बोटभर लांबीची एक तिरकी नळी दिसते. तिला मेझुझा म्हणतात. नळीत चर्मपत्राची गुंडाळी असते आणि तिच्यावर बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि अकराव्या अध्यायांतले दोन उतारे हिब्रूत हाताने लिहिलेले असतात. देवाची वचनं मुलांना शिकवावीत, घरीदारी त्यांचा उच्चार करावा, चौकटीवर ती लिहावीत, ही आज्ञा त्याच उताऱ्यांत आहे. येता-जाता घरातली माणसं नळीला बोटं लावतात आणि ती ओठांना टेकवतात.

कोकणात पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे हे बेने इस्राएल, म्हणजेच 'शनवार तेली', जगातल्या इतर यहुद्यांपासून इतके तुटले, की हिब्रू त्यांच्यातून जवळजवळ गेली. तरी शनिवारची विश्रांती, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. शेमाची सुरुवात त्याच सहाव्या अध्यायात आहे. पोथी हाती नव्हती, पण वचन तोंडात होतं.

रोजच्या मोहाशी झगडताना ख्रिस्ती माणूस जे साधन वापरतो, तेही याच दोन-तीन पानांतून निघालं आहे. मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांच्या चौथ्या अध्यायात ती गोष्ट येते. येशू चाळीस दिवस रानात उपाशी आहे आणि सैतान त्याच्यापुढे तीन मोह ठेवतो. भूक लागली आहे, तर धोंड्यांच्या भाकरी कर. देवावर एवढा भरवसा आहे, तर मंदिराच्या शिखरावरून उडी टाक. माझ्या पाया पड, जगातली सगळी राज्यं तुझी. येशू एकदाही वाद घालत नाही. तिन्ही वेळा तो शास्त्रवचनाने उत्तर देतो आणि तिन्ही वचनं 'अनुवाद'मधली आहेत: एक आठव्या अध्यायातलं, दोन सहाव्यातली. शेमा जिथे आहे, त्याच पानांच्या आसपासची ही वचनं.

वचनांची निवडही पाहण्यासारखी आहे. इस्राएल लोकांनी रानात काढलेल्या चाळीस वर्षांच्या आठवणी या अध्यायांत आहेत. भाकरीच्या मोहाला जे उत्तर मिळतं, ते रानात मिळालेल्या मान्नाबद्दलचं आहे. उडी टाकण्याच्या आव्हानाला मिळणारं उत्तर, लोकांनी पाण्यासाठी देवाचीच परीक्षा घेतली त्या प्रसंगाचं आहे. राज्यांच्या लालचीला मिळणारं उत्तर, सुपीक देशात गेल्यावर परक्या दैवतांच्या मागे लागू नये, या ताकिदीतलं आहे. प्रश्न नेमका, म्हणून उत्तरही नेमकं.

पण याच गोष्टीत एक पेच आहे. उडी टाकायला सांगताना सैतानही वचनच म्हणतो. ते ९१व्या स्तोत्रातलं आहे. हे स्तोत्र यहुदी परंपरेत दुष्ट शक्तींपासून रक्षणासाठी म्हटलं जाई. मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या एका गुंडाळीत ते भुताखेतांना पळवून लावायच्या मंत्रांसोबत लिहिलेलं आहे. सैतानाला पळवण्याचं स्तोत्र खुद्द सैतानालाच पाठ! वचन येणं आणि वचन उपयोगी पडणं यांत केवढं अंतर आहे, हे शुभवर्तमानांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. पुढच्या दोन हजार वर्षांत पाठ वचनाचे दोन वंश चालले. एका वंशात ते उत्तर राहिलं, दुसऱ्यात ताईत झालं.

ताइताचा वंश लवकर फोफावला. इजिप्तमध्ये सापडलेल्या जुन्या ख्रिस्ती ताइतांवर सर्वांत जास्त आढळणाऱ्या मजकुरांत हेच ९१वं स्तोत्र आहे. चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोम अंत्युखियात प्रवचनं देत होता, तेव्हा बायका-मुलं गळ्यात शुभवर्तमान बांधून फिरत, असं तो नोंदवतो. ते मनात बांधा, हा त्याचा आग्रह. डोकं दुखलं की लोक उशाशी शुभवर्तमान ठेवतात, हे बिशप ऑगस्टीनही सांगतो आणि गंडेदोरे बांधण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून थोडं सांभाळून घेतो.

उत्तराचा वंश पुढे नेला तो इवाग्रियस या संन्याशाने. काळ्या समुद्राकाठच्या पोंतस प्रांतातला हा माणूस कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्तसभेत मानाच्या जागी होता, वादात कुणाला हार जात नव्हता. तिथे एका बड्या अधिकाऱ्याच्या बायकोवर त्याचं मन गेलं, तिचंही त्याच्यावर. एका स्वप्नाने हादरून त्याने शहर सोडलं, आधी जेरुसलेम आणि मग इजिप्तचं वाळवंट गाठलं. तिथे तो पोथ्यांच्या नकला करून पोट भरत असे. ३९९ साली तो वारला. मोहावर त्याचा अभ्यास पुस्तकी नव्हता.

वाळवंटात त्याने एक पुस्तक रचलं, 'अँटिर्‍हेटिकस', म्हणजे 'उलट उत्तर'. त्याचे आठ भाग आहेत: खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, फुशारकी आणि गर्व. जवळपास पाचशे नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंदीला दोन बाजू. आधी मनात येणारा विचार, अगदी त्याच्या बारीकसारीक रूपात; मग त्याला तोंडावर द्यायचं वचन. लोभ म्हणजे लोभ, एवढ्यावर इवाग्रियस थांबत नाही. म्हातारपण लांबलचक असेल, हात चालणार नाहीत, दुखणी येतील, दुसऱ्यापुढे हात पसरावा लागेल. म्हणून आत्तापासून साठव, असा सभ्य चेहरा घेऊन लोभ येतो, हे त्याने ओळखलं होतं. कंटाळ्याला त्याने 'दुपारचा सैतान' म्हटलं आणि ही उपमा उचलली ९१व्या स्तोत्रातूनच. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, माणूस सारखा बाहेर डोकावतो की कुणी येतंय का, आणि मग वाटायला लागतं, ही जागाच आपल्यासाठी नाही. जेवणानंतरच्या कोणत्याही ठाणेकर कचेरीला हे वर्णन जसंच्या तसं लागू पडेल.

सैतानाच्या तोंडचं स्तोत्र असं उत्तराच्या वंशात परत आलं. त्यासाठी इवाग्रियसने फक्त क्रम सांभाळला. मोह आधी नीट ओळखायचा, नावानिशी, आणि वचन त्यानंतर शोधायचं.

सहाव्या शतकात ग्रीक ख्रिस्तसभेने त्याची काही मतं पाखंडी ठरवली आणि 'अँटिर्‍हेटिकस'ची ग्रीक प्रत नाहीशी झाली. पुस्तक टिकलं ते सिरियाक भाषेत, पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांत. त्याच शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने हिंदी महासागराच्या किनाऱ्यांची माहिती लिहिताना 'कल्लियाना' या बंदरात इराणहून नेमून आलेला बिशप असल्याचं नोंदवलं. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. काही जण ते कर्नाटकाच्या किंवा केरळच्या किनाऱ्यावर शोधतात. इराणच्या त्या ख्रिस्तसभेची उपासनेची भाषा सिरियाक होती. १३२१च्या एप्रिलमध्ये ठाण्यात तोलेंतिनोचा थॉमस हा फ्रान्सिस्कन संन्यासी आणि त्याचे तीन सोबती मारले गेले. त्यांना आसरा दिला होता तो ठाण्यातल्याच नेस्तोरी, म्हणजे त्याच इराणी ख्रिस्तसभेच्या परंपरेतल्या, कुटुंबाने. अशी पंधरा घरं तिथे होती, असं काही वर्षांत तिथून गेलेला प्रवासी ओडोरिक लिहितो. म्हणजे पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षं आधी ठाण्याच्या खाडीकाठी सिरियाक परंपरेतली उपासना चालत होती.

पश्चिमेकडे इवाग्रियसचे आठ विचार वेगळ्या वाटेने गेले. योहान कासियन या संन्याशाने ते लॅटिनमध्ये नेले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने त्यांची फेरमांडणी केली आणि त्यातून सात महापापांची यादी घडली. आता यादीत पाप उरलं, पण पापाच्या अगोदर मनात चालणारी कुजबुज गळली. पापकबुलीच्या वेळी बोटांवर मोजायला सात पापं सोयीची होती, झालं. पोर्तुगीजांनी १५३४ साली वसई आणि साष्टी मिळवली, त्यानंतर त्यांच्या फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्र्यांसोबत हीच यादी ठाण्यात आली. मासुंदा तलावाकाठचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च फ्रान्सिस्कनांच्या त्या काळातलं. मुलांकडून प्रार्थना, दहा आज्ञा, पापांची नावं तालावर घोकून घेतली जात. बायबल मात्र लोकांच्या भाषेत नव्हतं.

ती उणीव दुसऱ्या साष्टीत एका इंग्रजाने आपल्या परीने भरली. गोव्यातल्या साष्टीत काम करणाऱ्या थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. जुनी पुराणं सुटलेल्या नव्या ख्रिस्ती माणसांना कानावर पडायला, ओठांवर घोळायला काहीतरी हवं होतं. स्टीफन्सने त्यांना ओवी दिली. ओवी पाठ करावी लागत नाही, ती ऐकता ऐकताच होते.

१७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, १७३९ला वसई. युरोपीय पाद्री गेले, इथलेच पाद्री राहिले. अशा काळात साष्टीच्या ख्रिस्ती गावांना धरून ठेवलं ते रोझरीने, पाठ प्रार्थनांनी आणि उपवासकाळाने. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे, रविवार वगळता चाळीस दिवस हे येशूच्या रानातल्या चाळीस दिवसांचंच स्मरण आहे. त्या आधीच्या दिवसांत खाण्यापिण्याची चंगळ आणि मग मांसाला, दारूला आवर. म्हणजे रानातल्या गोष्टीतून कॅथलिक घरांनी दिवस उचलले. वचनं उचलायची राहिली होती.

वचनं उचलली ती प्रॉटेस्टंटांनी, आणि ती पद्धत आली जर्मनीतून. १७१८ साली कार्ल हाइनरिख फॉन बोगाट्स्कीने रोजच्या एकेका वचनाचं छोटं पुस्तक काढलं. त्याच्या नावातच 'खजिन्याची पेटी' होती. पुढे घरोघरी आलेल्या, वचनांची कार्डं ठेवलेल्या वचनपेटीची ही आजी म्हणावी लागेल. हेर्नहूट गावात काउंट त्सिन्त्सेनडोर्फने १७२८च्या मे महिन्यात मंडळीला दिवसासाठी एक वचन द्यायला सुरुवात केली. निरोप्या ते दारोदार पोचवत असे. १७३१पासून वर्षभराची वचनं छापून येऊ लागली, ती आजही येतात. दिवसाचं मुख्य वचन निवडलं जातं चिठ्ठ्या टाकून. देव बोलेल ते ऐकू, असा त्यामागे नम्र भाव होता. पण चिठ्ठीने आलेल्या वचनाला वाचणाऱ्याचा आजचा मोह कुठला ते ठाऊक नसतं. इवाग्रियसच्या नोंदीची उजवी बाजू, म्हणजे वचन, उरली; मोहाची डावी बाजू कोरी.

मुंबईत वचन मराठीत छापलं जाऊ लागलं ते अमेरिकन मराठी मिशनमुळे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. १८१७ साली त्यांच्या छापखान्यात मराठी मजकूर छापायला सुरुवात झाली, १८२६ साली नवा करार पुरा झाला. त्याच मिशनचा जॉन निकल्स १८१८ साली आला आणि ठाण्यात राहून त्याने मुलांच्या शाळा चालवल्या. १८२४ साली तो वारला. पुढे मराठी शब्बाथ शाळांत दर रविवारी 'सुवर्णवचन' आलं. १८७३पासून अमेरिकेतून सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय पाठमालेचा तो भाग होता: जगभरच्या मुलांनी एकाच रविवारी एकच धडा शिकायचा, एकच वचन पाठ करायचं.

पाठांतराला बक्षीस आलं आणि घोटाळा झाला. त्याचा सर्वांत मजेदार दाखला मार्क ट्वेनच्या १८७६ सालच्या 'टॉम सॉयर'मध्ये आहे. दोन वचनं पाठ केली की एक निळं तिकीट, दहा निळ्यांचं एक लाल, दहा लालांचं एक पिवळं, आणि दहा पिवळ्यांवर एक बायबल. म्हणजे हिशेब दोन हजार वचनांचा. टॉम वचनं शिकण्याऐवजी गोट्या-बिट्या देऊन पोरांकडची तिकिटं गोळा करतो आणि ऐटीत बायबल घ्यायला उभा राहतो. पाहुणे विचारतात, पहिल्या दोन शिष्यांची नावं सांग. तो सांगतो, दावीद आणि गल्याथ! लोभावर औषध म्हणून दिलेली वचनं लोभाचंच चलन झाली.

पाठांतराचं बळ आणि त्याची मर्यादा आपल्याकडे सर्वांत नीट कुणाला ठाऊक असेल, तर पंडिता रमाबाईंना. भागवताचे हजारो श्लोक त्यांना लहानपणीच मुखोद्गत होते. आई-वडिलांसोबत तीर्थोतीर्थी हिंडताना पुराणं मोठ्याने वाचून हे कुटुंब पोट भरत असे. ऐकणाऱ्यांना अर्थ सांगायची पद्धत नव्हती, ऐकल्याने पुण्य लागे, हे त्यांनी स्वतःच आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. याच रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबल हिब्रू-ग्रीकमधून सोप्या मराठीत आणण्यात घालवली. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायका-मुलींनी त्याचे खिळे जुळवले. एप्रिल १९२२मध्ये रमाबाई गेल्या; १९२४ साली संपूर्ण बायबल बाहेर आलं. दुष्काळातून, छळातून आलेल्या मुलीला वचन कळलं तरच ते तिच्या कामी येईल, हा त्या श्रमांमागचा हिशेब होता.

आज ठाणे-कल्याण-डोंबिवलीत या सगळ्या परंपरा एकाच गाडीत बसतात. नोकरीसाठी इथे आलेल्या मल्याळी कुटुंबांसाठी १९८८ साली सिरो-मलबार ख्रिस्तसभेचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. या परंपरेचं मूळ सिरियाकच, त्यामुळे कल्लियाना खरंच कल्याण असेल, तर कॉस्मसच्या नोंदीनंतर सुमारे चौदाशे वर्षांनी कल्याणच्या नावाचा बिशप पुन्हा झाला. या घरांतून ईस्टरपूर्वी पन्नास दिवसांचा 'नोंबु' पाळतात; कडक पाळणारे मांस, मासे, अंडी, दूध सगळं सोडतात. ठाण्यातल्या जुन्या कॅथलिक घरांत चाळीस दिवसांचा उपवासकाळ आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या भक्तीनंतर पुष्कळ ठिकाणी वचनाचं कार्ड उचलायची रीत आहे. ते वर्षभर बायबलात किंवा पाकिटात राहतं. बायबलचं ॲप २००८पासून खिशात आहे आणि सकाळी लोकल पकडायच्या आत व्हॉट्सॲपवर आजचं वचन येऊन पडतं, सूर्योदयाच्या चित्रावर. करोनाच्या टाळेबंदीत सर्वांत जास्त फिरलेल्या वचनांत ९१वं स्तोत्र होतंच. काहींनी भीतीला उत्तर म्हणून ते म्हटलं, काहींनी दाराला लावलं.

वचन मनाला कसं अडवतं, याचं उत्तर मानसशास्त्राकडूनही आलं आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ सालच्या एका गाजलेल्या लेखात दाखवलं, की 'मी सुधारेन' असा मोघम निश्चय फारसा टिकत नाही. 'अमुक वेळी अमुक झालं, तर मी तमुक करीन' असं आधी ठरवलेलं असेल, तर माणूस ते बऱ्याचदा पाळतो. मोहाच्या क्षणी विचार करायला उसंत नसते, म्हणून विचार आधीच करून ठेवायचा. इवाग्रियसच्या नोंदींची घडण हीच आहे.

मग डोंबिवलीतल्या कुणी आज 'उलट उत्तर' लिहायला घेतलं, तर डाव्या बाजूला काय येईल? पुनर्विकासात शेजाऱ्याला आपल्यापेक्षा मोठा फ्लॅट मिळाला, हे रात्री आठवत राहणं. त्याला उत्तर शोधायला लांब जायला नको. दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याच्या घराचा उल्लेखच आहे. कंपनीच्या खर्चाच्या बिलात दोनशे रुपये चढवले तर कोण बघतंय, हा विचार. नीतिसूत्रांतलं खोट्या तराजूबद्दलचं वचन त्यासाठीच आहे. लोकलमधल्या चौथ्या सीटवरून झालेल्या भांडणाचा राग दिवसभर चघळणं. मऊ उत्तराने राग शमतो, असं सांगणारं वचनही नीतिसूत्रांतच आहे. 'शेवटचा एक डाव' म्हणून उघडलेला मोबाइल, पगाराच्या दिवशी स्टेशनबाहेर दिसणारी दारूच्या दुकानाची पाटी, घरी पोचल्यावर बायकोशी बोलायच्या आधी उघडलेला स्क्रीन: यांतल्या प्रत्येकाला आपली वेळ आहे, जागा आहे, आपलं ठरलेलं वाक्य आहे. ते वाक्य पकडणं अवघड, कारण ते आपल्याच आवाजात बोलतं. वचन शोधणं त्यामानाने सोपं. ॲपमध्ये शब्द टाकला की मिळतं.

उजवी बाजू आज सगळ्यांकडे आयती आहे, कधी नव्हे इतकी. डावी ज्याची त्याने लिहायची आहे आणि ती लाजिरवाणी असल्यामुळे सहसा लिहिली जात नाही. ती लिहिली नाही, तर रोज सकाळचं वचन चांगलं वाटतं, पुढे पाठवलं जातं आणि दुपारपर्यंत विसरलं जातं. ती लिहिली, तर वर्षाला पाच-सहा वचनंही पुरतात. वचन रोज नवं येतं. मोह मात्र बहुतेकांचा वर्षानुवर्षं तोच असतो.